मसावाचं रडकं इंजीन

तेवोल्दे ड्रायव्हरच्या घरातला शेवटचा साधा दिवस कालवणातल्या मिठावरून सुरू झाला.

"यात मीठच नाही," तो म्हणाला.

"तुमच्या जिभेवर कोळसा बसलाय," बायको लेतेब्रहान म्हणाली. मुलगी अकबेरेत वाचत होती; तिने मान वर केली नाही. तेवोल्देने गिंदाच्या स्टेशनात डोंगरातल्या झऱ्याचं पाणी इंजिनाच्या टाक्यांत भरून घेतलं आणि गाडी समुद्राकडे उतरवली. खाली मसावात त्याला ताप चढला. घरी परत आलं ते त्याचं प्रेतच.

पुढल्या महिन्यात मसावाच्या फलाटावर पाय ठेवायला जागा मिळेना. इंजीन रडत होतं!

हे इंजीन बुटकं. त्याला मागे पाण्याचा वेगळा डबा नव्हता. दोन टाक्या दोन्ही कुशींना बसवलेल्या. गाडी फलाटाला लागली की त्या टाक्यांवरून टपटप पाणी गळायचं, आणि तिथे ताईत लिहून देणारा देबतेरा किफ्ले रिकाम्या बाटल्या घेऊन तयारच असायचा.

"बघा लोकहो! लोखंडाला पाझर फुटला! धनी गेला, बिचारी विधवा झाली! एक थेंब गुडघ्याला चोळा, काठी फेकून पळाल. उंटिणीला पाजा, जुळी होतील."

"जुळी नकोत बाबा, एकालाच चारा पुरत नाही," मागून एक उंटवाला म्हणाला.

"मग अर्धा थेंब पाज!"

लेतेब्रहान दर फेरीला नवऱ्यासाठी गोड पाव भाजून आणायची आणि इंजिनापुढे ठेवायची. पाव किफ्ले खायचा. "आत्म्याला वास पुरतो," असं तोंड भरलेलं असतानाच तो समजवायचा. महिन्याभरात त्याला अंगरखा घट्ट होऊ लागला. मग एक दिवस त्याने सांगितलं, की आत्म्याला लोखंडात चटके बसताहेत, त्याला त्याच्या घरी नेऊन बसवलं पाहिजे; आणि पूजापाठाला देबतेराही त्याच घरात राहिला पाहिजे. एकटाच.

आज लेतेब्रहान त्याला घराची किल्ली द्यायला गाडीने मसावाला निघाली होती. शाळेत शिकवणारी अकबेरेत रजा टाकून बरोबर आली.

"अदेय," तिने आईला विचारलं, "घर दिल्यावर आपण कुठे राहायचं?"

"तुझ्या आजोळी. तुझे अबोय तिथे भाजताहेत आणि मी सावलीत बसू? तू तर रडलीसुद्धा नाहीस. तुझ्यापेक्षा इंजीन बरं."

अकबेरेतने आईच्या हातातलं पावाचं गाठोडं स्वतःकडे घेतलं.

मसावा आलं. समुद्रावरची दमट हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर पडली. इंजीन रडू लागलं. अकबेरेतने टाकीला हात लावला, गार होती. ओल खालपासून एका सरळ रेषेपर्यंत होती, त्यावर टाकी कोरडी ठणठणीत.

सालेह सरबतवाल्याकडून तिने बर्फ घातलेला पितळी पेला घेतला आणि गर्दीपुढे उंच धरला. पितळेला बघता बघता घाम फुटला, थेंब ओघळले.

"सालेहकाका, या पेल्याचं कोण गेलं?"

"माझं गिऱ्हाईक गेलं पोरी, सगळी तिकडे बाटल्या घेताहेत!"

लोक हसले. ती म्हणाली, "पाणी पेल्याला भोक पडून आलेलं नाही. या दमट हवेतलंच ते, गार पितळेवर जमलं. टाकीत गिंदाचं गार पाणी आहे. उतारावर वाफ फारशी लागत नाही, म्हणून ते बरंचसं तसंच खाली येतं. ती ओली रेष बघा. पाणी आहे तिथवरच रडं आहे."

किफ्लेने ओठ पुसले. "हुशार आहे हो मास्तरीण! मग तेवोल्दे जिवंत असताना का नाही रडलं? तेव्हा काय गिंदाचं पाणी उकळत होतं?"

"खरंच की!" गर्दी त्याच्याकडे वळली. अकबेरेतने टाकी पुन्हा चाचपली. लेतेब्रहानने किल्ली पुढे केली, आणि मध्येच थांबली.

"पुसायचे ते," ती पुटपुटली.

"काय?"

"मसावाच्या अलीकडे डोगालीचा पूल आला की गाडी थांबवून टाक्या पुसायचे, वेशीवर परत एकदा. घामेजलेलं इंजीन घेऊन शहरात शिरणार नाही म्हणायचे. आणि पुसायला काय, तर माझ्या चांगल्या पांढऱ्या ओढण्या! अगं, महिन्याला एक ओढणी काळी करून आणायचा हा माणूस!" आणि नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

सगळ्यांनी नव्या ड्रायव्हरकडे पाहिलं. "ते पुसणं माझ्या कामात नाही," तो घाईने म्हणाला.

अकबेरेतने त्याला टाक्या रिकाम्या करून मसावाच्या हौदातलं कोमट पाणी भरायला लावलं. तिने स्वतः टाक्या कोरड्या पुसल्या. लोक वाट बघत राहिले. एक थेंब आला नाही. पाझर आता फक्त किफ्लेच्या कपाळाला फुटला होता, आणि उंटवाल्याने त्याच्याखाली बाटली धरली.

"देबतेरा, याने जुळी होतात का?"

किफ्ले मालगाडीच्या आडोशाने सटकला.

"त्याच्यावर हसू नका नुसतं," अकबेरेत म्हणाली. "तो गेला, उद्या दुसरा येईल. पाणी गळलं तर आधी हात लावून बघा, ते कुठून येतं ते शोधा. विचारायची लाज वाटू देऊ नका. दुःखात तर मुळीच नाही. तेव्हाच आपल्याला सगळं खरं वाटतं."

गर्दी पांगली. लेतेब्रहान किल्ली मुठीत धरून कोरड्या टाकीकडे बघत राहिली.

"मग ते यात नाहीत?"

"नाहीत."

"मग आहेत कुठे?"

दफन अकबेरेतने पार पाडलं होतं, भेटायला येणाऱ्यांना कॉफी दिली होती, तापाचं सगळं सांगितलं होतं. ते दोन शब्द मात्र तिच्या तोंडून कधी निघाले नव्हते. तिने आईचा हात धरला.

"अबोय गेले," ती मोठ्याने म्हणाली.