तूर्तासच्या बाई

कोथरूडमधल्या त्या इंग्रजी संभाषणवर्गात इंदुबाई शिकवू लागल्या, त्याला तीन वर्षे झाली होती. शाळेत संस्कृत आणि इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाई. खराडीला कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या. तिथे नोकरी हवी तर इंग्रजी बोलता यायला हवे, म्हणून मुलांची रीघ लागलेली. पहिल्या दिवशी वर्गाचे मालक जयसिंगराव म्हणाले होते, "फॉर द टाइम बीइंग, म्हणजे तूर्तास, तुम्ही सांभाळा, मॅडम. मग बघू." ते 'मग' अद्याप उगवले नव्हते.

बाईंचा एक नियम होता. वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करायचा, तर ते वाक्य खरे असले पाहिजे. पाठशाळा चालवणारे त्यांचे वडील म्हणत, उदाहरण म्हणजे साक्ष. खोटी साक्ष देऊन शब्द बाटवू नये. खोटे वाक्य दिसले, की बाई वहीवर तांबडी रेघ ओढीत.

त्या गुरुवारी जयसिंगरावांनी एक चिठ्ठी त्यांच्यापुढे सरकवली.

"उद्या खराडीहून प्रेमला मॅडम येतायत. वर्ग पसंत पडला, तर त्यांच्या कंपनीची सगळी मुलं आपल्याकडे. ही वाक्यं पाठ करून घ्या."

बाईंनी वाचले. 'फॉर द टाइम बीइंग मी रोज दोन तास कॉम्प्युटरवर सराव करतो.' बारा मुलांत चालू कॉम्प्युटर एकच होता.

"हे खरं नाही, जयसिंगराव."

"आपल्याला खरं विचारलंय कुणी?" त्यांनी खण उघडून एक टाइप केलेला कागद दाखवला. "तुमचं कायम केल्याचं पत्र. सही उद्या, पाहुण्या गेल्यावर. आता बोला."

बाईंनी चिठ्ठी उचलली आणि त्या वर्गात गेल्या. फळ्यावर त्यांनी चिठ्ठीतली वाक्ये उतरवली. बुधवार पेठेतल्या घड्याळजींची मुलगी मिसबा पहिल्या बाकावर होती. तिने विचारले, "बाई, ह्यावर तांबडी रेघ नाही?"

"पाठ करा," बाई म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

शुक्रवारी प्रेमला मॅडम आल्या. जयसिंगराव त्यांच्या खुर्चीमागे हात बांधून उभे. तेजसने पहिले वाक्य घडाघडा म्हटले. दुसऱ्यानेही तेच म्हटले. तिसऱ्याला मॅडमनी हातानेच थांबवले.

"पाठांतर पुरे. तू सांग, तुझं स्वतःचं वाक्य." बोट मिसबाकडे होते.

मिसबाने बाईंकडे पाहिले. मालकांनीही पाहिले आणि खिशातले सहीचे पेन हलकेच काढून दाखवले. बाईंनी ते पेन नीट पाहून घेतले.

"नियम ठाऊक आहे ना, मिसबा?" त्या म्हणाल्या.

मिसबा उठली. तिचे इंग्रजी स्वच्छ होते. फॉर द टाइम बीइंग आम्ही बारा जण एकाच कॉम्प्युटरवर शिकतो. फॉर द टाइम बीइंग सरांनी आमची शाळेची मूळ प्रमाणपत्रे स्वतःकडे ठेवली आहेत. फॉर द टाइम बीइंग आमच्या बाई तीन वर्षे आहेत.

कुणी हसले नाही. प्रेमला मॅडमनी मिसबाचे नाव वहीत टिपून घेतले. वर्गाबद्दल चकार शब्द न काढता त्या जिना उतरल्या.

त्यांची गाडी वळली न वळली तोच जयसिंगरावांनी ते पत्र उभे फाडले, मग आडवे.

"समाधान झालं? शास्त्र्यांची लेक! जन्मभर मेलेली भाषा शिकवलीत, आता माझा जिवंत धंदा मारलात."

"धंदा तुमच्या चिठ्ठीनं मारला. मी फक्त खऱ्याच्या आडवी आले नाही."

"उद्यापासून येऊ नका. परत तोंड दाखवू नका इथं!"

इंदुबाईंनी फळा पुसला. डस्टर स्वतःच्या पैशाने आणलेले होते; ते झटकून पिशवीत टाकले.

"तीन वर्षांत," त्या सावकाश म्हणाल्या, "माझ्या नोकरीबद्दल तूर्तास न म्हणता बोललेलं तुमचं हे पहिलंच वाक्य, जयसिंगराव. आणि खरंही आहे. ह्यावर रेघ ओढत नाही."

जिन्याच्या पायथ्याशी मिसबा वही छातीशी धरून उभी होती, डोळे भरलेले. "बाई, माझ्यामुळं…"

"रडू नकोस. उद्या पाच वाजता माझ्या घरी या, बाराही जण. कॉम्प्युटर एकही नाही, हे आधीच सांगून ठेवते."

वरून दार धाडकन आपटल्याचा आवाज आला. बाईंनी मागे पाहिले नाही.