खिडकीबरोबर अंग चोरणारा चौकोन

मित्रांनो, मी दवाखान्याच्या संगणकावरचा एक जुना चौकोन आहे. रुग्णाविषयीच्या सूचना माझ्यात लिहितात. आज मी पडद्यावरच्या खिडकीबरोबर लहानमोठा होतो, पण जन्मतः मी भलताच ताठ होतो.

ज्या प्रोग्रामरबाईंनी मला घडवले त्यांचा पडदा ऐसपैस. त्यावर मी ऐटीत पसरलेला असे. दवाखान्यात नोंदी करणाऱ्या ताईंना मात्र निम्म्या पडद्यावर रांगेची यादी उघडी ठेवावी लागे. त्या माझी खिडकी कोपऱ्यातून ओढून अर्धी करत. खिडकी आक्रसायची, मी मात्र जागचा हलत नसे. माझा उजवा भाग खिडकीबाहेर जाई आणि तिथले शब्द कुणालाच दिसत नसत. मला त्याचे काही वाटतही नसे.

एकदा एक मुलगी तापाने फणफणलेल्या आईला घेऊन आली. ताईंनी मला वाचून डॉक्टरांना सांगितले, "रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी काही नाही." इंजेक्शन भरले गेले. मुलीने औषधाचे नाव विचारले आणि तिचा चेहराच उतरला.

"अहो, हे आईला चालत नाही. मागच्या वेळी श्वास कोंडला होता तिचा. तुम्हीच लिहून घेतलं होतं ना?"

लिहिले होते. माझ्या उजव्या भागात. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. सुई टोचायची राहिली, पण ठपका ताईंवर आला. डॉक्टर म्हणाले, "असं होणार असेल तर या कामाला दुसरं कुणीतरी बघावं लागेल मला."

दुसऱ्या दिवशी ताईंच्या तक्रारीवरून प्रोग्रामरबाई आल्या. "खिडकी पूर्ण उघडून वापरायची ना, ताई."

"मग रांग कुठे बघू? तुम्हीच बसा बरं इथे तासभर."

बाई खरेच बसल्या. दहा मिनिटांत त्यांनी स्वतःच खिडकी अर्धी केली आणि माझ्या उजवीकडचे शब्द नाहीसे झालेले पाहिले. मग उठून डॉक्टरांकडे गेल्या. "चूक माझी आहे. ताईंनी लिहिलं होतं, मीच ते दिसू दिलं नाही." या एका वाक्यासाठी मी त्यांना आजही मानतो.

त्यांनी माझी डावी कड खिडकीच्या डाव्या कडेला बांधली, उजवी उजवीला. रुंदी कमी पडली की शब्द खालच्या ओळीत उतरतील आणि मी उंच होईन, अशी सोय केली. माझ्याखालची बटणे खिडकीच्या तळाशी बांधली. मग ताईंच्याच खुर्चीत बसून खिडकी पुन्हापुन्हा ओढून पाहिली. त्यांच्यासाठी आणलेला चहा केव्हाच गार झाला होता.

गेल्या आठवड्यात ती आई पुन्हा आली. ताईंनी सवयीने खिडकी अर्धी केली. मी अंग चोरले, पण एक शब्द सांडू दिला नाही. ताईंनी आधी न चालणाऱ्या औषधाची तीच ओळ मोठ्याने वाचली, तशी मुलगी आईशेजारी निवांत बसली.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुणासाठी काहीतरी घडवाल. तेव्हा तासभर त्याच्या खुर्चीत बसून बघा, एवढीच माझी विनंती आहे.