झोपलेल्या बाईचा फोटो

मीटर-वाचकाने फ्रेमखालची चिठ्ठी नखाने खरवडायला सुरुवात केली. अर्धी निघाली, अर्धी चिकटून बसली. तरी त्यावरचं ‘छायाचित्र : उपअभियंता’ अजून वाचता येत होतं. तेही त्याने अंगठ्याला थुंकी लावून पुसायला घेतलं.

पाणीखात्याच्या दालनात कर्मचाऱ्यांच्या फोटोंचं प्रदर्शन लागून पाच दिवस झाले होते. तो आज सहज डोकावला, आणि समोर त्यानेच काढलेला फोटो. जिन्यात, मीटरच्या पेटीखाली भिंतीला टेकून झोपलेली शिवणकाम करणारी बाई. गळ्यात टेप, तोंड किंचित उघडं, पायातली एक चप्पल दोन पायऱ्या खाली.

तीन वर्षांपूर्वी खात्याने फर्मान काढलं होतं, की आकड्यांवरून लोक भांडतात म्हणून प्रत्येक मीटरचा फोटो काढा. सुरुवातीला तो नुसते आकडे टिपायचा. मग एकदा मीटरच्या काचेत जिन्याची खिडकी उमटलेली दिसली आणि तो पाच मिनिटं तिथेच उकिडवा बसून राहिला. पुढे दारातल्या चपला आल्या, कठड्यावर वाळणारे मोजे आले. मेहुण्याचा जुना कॅमेरा घरी आला, रविवार सकाळ त्यात जायला लागली.

“मीटर वाचता वाचता लोकांची घरं वाचायला लागलात की!” बायको म्हणायची. पण चांगले फोटो तीच निवडून द्यायची.

हा फोटोही तिनेच निवडला होता. ‘कसा वाटतो?’ एवढंच लिहून त्याने तो उपअभियंता साहेबांना पाठवला होता. साहेबांचं उत्तर आलंच नव्हतं.

“अहो, काय चाललंय? खात्याची वस्तू आहे ती!” उपअभियंता केबिनमधून बाहेर आले.

“फोटो माझा आहे, साहेब.”

“असेल. पण ड्युटीवर काढलात ना? मग तो खात्याचा. आणि खात्यातर्फे मी सही करतो.”

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात तो साहेबांपुढे मोठ्याने बोलला नव्हता.

“मग जिने पण तुम्हीच चढा ना खात्यातर्फे! उन्हातान्हात पायपीट मी करायची, आणि नाव तुमचं? माझ्या बायकोला काय दाखवू मी, ही चिठ्ठी?”

खिडक्यांमागचे कारकून माना वर करून बघू लागले. बिलं भरणाऱ्यांची रांग वळून बघू लागली. साहेबांचा चेहरा लाल झाला. ते काही बोलणार, तोच दारातून एक बाई तरातरा आत आली आणि थेट फ्रेमसमोर उभी राहिली. गळ्यात टेप होती.

तिने वाकून फोटो जवळून बघितला.

“गिऱ्हाईक सांगत होतं, तुझा फोटो लागलाय म्हणून. मला वाटलं, चेष्टा करतंय.” ती वळली. “कुणी काढला हा?”

साहेबांनी चटकन हात वर केले.

“यांनी. यांचाच आहे. आत्ताच सांगत होते सगळ्यांना.”

सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. त्याने थुंकी लावलेला अंगठा पँटला पुसला.

“आदल्या दिवशी सकाळपासून मशीनवर होते मी,” बाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “जरा टेकले, तर डोळा लागला. तेवढ्यात तुम्ही आलात, आकडे टिपलेत, मला टिपलंत आणि गेलात. पाच दिवस सगळं गाव माझं उघडं तोंड बघतंय.”

“फोटो चांगला आलाय, बाई,” तो कसाबसा म्हणाला.

“आलाय ना. म्हणून तर राग येतो. हाक मारली असती, तर केस सारखे करून बसले असते.”

कुणीतरी हसलं. तिने हसणाऱ्याकडे पाहिल्यावर ते हसू विरलं.

मीटर-वाचकाने टाचा उंचावून फ्रेम खिळ्यावरून काढली. “खात्याची—” असं साहेबांनी सुरू केलं आणि अर्ध्यावरच सोडून दिलं.

“काय करू याचं?” त्याने बाईला विचारलं.

“आता विचारताय?”

त्याने मान खाली घातली. फ्रेम उलटी करून, काच आपल्या छातीकडे वळवून, ती घट्ट धरली आणि तिच्या उत्तराची वाट बघत उभा राहिला.