न पाहिलेलं वजन

दर मार्चमध्ये आमच्या लॅबमधल्या नव्या लोकांना नीतिनियमांचं ट्रेनिंग मी देते. अकरा वर्षं झाली. अमेरिकेत, एडिसन गावापासून वीस मिनिटांवर आमची लॅब आहे. औषधं बाजारात जाण्याआधी आम्ही ती तपासतो. माझ्या वह्यांत ऑडिटरला कधी काही सापडलं नाही, म्हणून हे काम माझ्याकडे आलं असावं.

त्या गुरुवारी सकाळी मी सहीच्या नियमापाशी पोचले होते. औषध ज्याच्याशी ताडून पाहायचं त्या प्रमाण पावडरीचं वजन एकट्याने करायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी शेजारी उभं राहून ते पाहायचं आणि मगच वहीत साक्षीदार म्हणून सही करायची. हे वजन चुकलं तर पुढचं सगळंच चुकतं.

"उत्तरा, तुम्ही स्वतः कधी न पाहता सही केली आहे?" ग्रेसने विचारलं. ग्रेस पन्नाशीची. वीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवून आमच्याकडे आलेली. तिच्या प्रश्नात खोच नव्हती, तिला खरंच उत्तर हवं होतं.

दर वर्षी कुणी ना कुणी हे विचारतं. मी "नाही" म्हणते आणि पुढची स्लाइड लावते. या वेळी तोंड उघडलं आणि मला मंगळवार आठवला.

"याचं उत्तर दुपारी देते," मी म्हणाले. दुसऱ्या रांगेत प्रीता बसली होती. तिने मान खाली घातली.

प्रीता माझ्या मैत्रिणीची, दीपाची मुलगी. इथेच जन्मलेली. ही तिची पहिली नोकरी, आणि ती मिळवायला तिने दहा महिने अर्ज केले होते. लॅबमध्ये सगळे मला उत्तरा म्हणतात, तीही म्हणते. काही हवं असलं की मात्र काकू. मंगळवारी ती वही घेऊन माझ्या टेबलाशी आली होती. "काकू, प्लीज, कोणी फ्री नव्हतं, मी वेइंग करून टाकलं. साइन करता?" बॅलन्समधून, म्हणजे वजनकाट्यातून, निघालेली चिठ्ठी नीट चिकटवलेली होती, आकडे व्यवस्थित होते. मी सही केली. चार सेकंद लागले असतील. आपण खोटं लिहितोय असं मला त्या वेळी वाटलंही नाही. दीपाच्या मुलीला मदत केली, एवढंच वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत प्रीता डबा न उघडताच माझ्यासमोर बसली.

"ग्रेसला काय सांगणार?"

"केलंय म्हणून."

"काकू, यार! वेट करेक्ट आहे. प्रिंटआउट आहे ना."

"असेल बरोबर. मी पाहिलेलं नाही."

"पण कोणाला माहीतच नाहीये."

"तुला माहीत आहे, मला माहीत आहे. मोजायला गेलं तर दोन झाले."

"व्हेरी फनी. नेक्स्ट फ्रायडेला माझं प्रोबेशन संपतंय. मला काढलं तर?"

"मी फक्त माझ्याबद्दल सांगेन," मी म्हणाले. "सही माझी आहे."

"वजन कोणी केलं, ते त्याच पानावर लिहिलंय. तुम्ही अर्धं कसं सांगणार?"

ते खरंच होतं. मग मला एक सोपी वाट दिसली. प्रीताने आज पुन्हा वजन करायचं, मी शेजारी उभं राहायचं आणि जुन्या पानावर किरकोळ कारण लिहून रेघ मारायची. औषध सुरक्षित, मुलगी सुरक्षित. अर्धी पोळी खाऊन होईपर्यंत मी त्या वाटेचा मनापासून विचार केला. मग आठवलं, की 'हे कधीही करू नका' म्हणून मी शिकवते त्या यादीत हीच वाट चौथ्या क्रमांकावर आहे.

प्रीताने डबा उघडला, पुन्हा बंद केला.

"ओके. पण मॅनेजरशी आधी मी बोलणार. तुम्ही आधी बोललात तर मी पकडली गेले असं दिसेल. तसं नकोय मला."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी तिला वाचवायचा विचार करत होते. तिने सांगावं, हे मला सुचलंच नव्हतं.

जेवणाची सुट्टी संपायच्या आत आम्ही दोघी आमच्या मॅनेजरकडे, जोआनकडे, गेलो. प्रीता इंग्रजीत बोलली, सरळ, न रडता. मी माझा भाग सांगितला. जोआनने दोनच प्रश्न विचारले: औषधाची कुठली बॅच, आणि ती बाहेर गेली का? गेली नव्हती. तिने बॅच थांबवली, फॉर्म काढला आणि उद्या स्वतः शेजारी उभी राहून नवीन वजन करवून घेईन, पूर्ण तपासणी पुन्हा होईल, असं सांगितलं. "बाकीचं मी पुढच्या आठवड्यात ठरवते," ती म्हणाली. त्या 'बाकीच्या'त प्रीताची नोकरीही होती.

दोन वाजता मी ग्रेसला सांगितलं, "हो. परवा मंगळवारी." वजन कुणी केलं होतं ते सांगितलं नाही. मग हात वर व्हायला लागले. घाईत असताना काय करायचं? मैत्रीण विचारायला आली तर? बॉसच म्हणाला तर? अकरा वर्षांत मिळून मला इतके प्रश्न आले नव्हते. आम्ही चाळीस मिनिटं जास्त बसलो आणि कुणीही घड्याळाकडे पाहिलं नाही.

तपासणीचा नवा आकडा जुन्याशी जुळला. बॅच बाहेर गेली.

पुढच्या शुक्रवारी जोआनने आम्हाला वेगवेगळं बोलावलं. माझं नाव साक्षीदारांच्या यादीतून महिनाभर काढलं होतं, आणि मला हेच ट्रेनिंग विद्यार्थी म्हणून पुन्हा घ्यायचं होतं. जोआन स्वतः शिकवणार होती.

प्रीता बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पत्र होतं. मला तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"प्रोबेशन थ्री मंथ्स वाढवलं," ती म्हणाली. "काढलं नाही. काढलं नाही, उत्तरा!"

"दीपाला मी सांगू?"

"नको, मीच सांगते. ओरडेल थोडी. मग जेवायला बोलवेल तुम्हाला."

त्याच दुपारी तिला एक वजन करायचं होतं. सगळे कामात होते आणि मला सही करायची परवानगी नव्हती. ती बॅलन्ससमोर स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसली. कुणी मोकळं होईपर्यंत बारा मिनिटं गेली. त्यात तिने बाटलीचं झाकणही उघडलं नाही.