तारांची टोपी

दवाखान्यात निघण्याआधी मारुतीरावांनी नातीच्या केसांना खोबरेल लावलं. केस सकाळीच धुतलेले, पण कोरडे, विस्कटलेले. या पोरीकडे घरात कुणी बघत नाही, असं डॉक्टरांना वाटायला नको. सून बदलीवर भोपाळला, मुलगा सुधन्वा सकाळीच ऑफिसला गेलेला. गाझियाबादच्या त्या फ्लॅटमध्ये दिवसभर हे दोघंच, एक या खोलीत, एक त्या.

सोळा वर्षांची कादंबरी मुकाट बसून राहिली. शाळेत जाणं थांबलं होतं. आधी ती मैत्रिणींचे फोन उचलेनाशी झाली, मग ते यायचेच बंद झाले.

मेट्रो बदलत दोघं दिल्लीत पोचले. डॉक्टर देविकांनी हिंदीत समजावलं. डोक्यावर तारांची टोपी घालून कादंबरीनं पडद्यावर एक खेळ खेळायचा. खेळातली मुलं तिला गटात ठेवायचं की नाही ते ठरवणार. कुणी हो म्हटलं, कुणी नाही म्हटलं की मेंदूत काय हालतं, ते टोपी टिपणार. उदास मुलांपैकी कुणाच्या जिवाला जास्त धोका आहे, ते यातून ओळखता येतं का, हे त्या तपासत होत्या.

मग त्यांनी केसांना हात लावला.

"अरे, तेल? अंकल, मना किया था ना!"

तेल लावू नका, असं डॉक्टरांनी सुधन्वाला फोनवर सांगितलं होतं. त्यानं घाईत घरी एवढंच सांगितलं, केस धुऊन जा. तेलावर तारा बसत नाहीत म्हणे. नर्सनं शाम्पू आणि टॉवेल दिला.

बेसिनवर कादंबरी वाकली. मारुतीराव मगानं पाणी घालू लागले.

"आजोबा, अख्खी बाटली ओतली होती का?"

"चुकलंच माझं. डोळे मीट."

"ती मुलं नाहीच म्हणतील."

"कोण?"

"गेममधली. मला माहितीये." मग तशीच, खाली तोंड करून ती म्हणाली, "आजोबा, मला मरून जावंसं वाटतं."

'असं बोलू नये' हे त्यांच्या ओठावर आलंच होतं. ते त्यांनी गिळलं. तसं म्हटलं असतं, तर पोरगी केस पुसून पुन्हा गप्प झाली असती. त्यांनी नळ बंद केला.

"आजही वाटतंय?"

"रोज."

"कुणाला बोललीस?"

"कुणी विचारलंच नाही, यार."

त्यांनी टॉवेल तिच्या डोक्यावर ठेवला. "आत सांगूया? मी सुरुवात करतो, पुढचं तू बोल."

तिनं मान डोलावली.

आत मारुतीरावांनी सुरुवात करून दिली. डॉक्टरांनी टोपी बाजूला ठेवली आणि कादंबरीला सरळ विचारलं. कादंबरी भराभर हिंदीत बोलत राहिली. मारुतीरावांना निम्मं कळलं, निम्मं नाही. घरात कधी न ऐकलेलं सगळं ती एका परक्या बाईला सांगत होती.

तिला एकटं ठेवू नका, डॉक्टर म्हणाल्या. आईवडिलांना बोलवा, आजच.

सुधन्वाचाच फोन आला. "बाबा, टेस्टमध्ये काय निघालं?"

"टेस्ट झाली नाही. तू ये."

"मीटिंग आहे हो. संध्याकाळी घरी बोलू ना."

"संध्याकाळी नाही. पोरीला मरावंसं वाटतंय, सुधन्वा. आत्ता ये. सूनबाईलाही कळव."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "निघतो."

कादंबरी बाकावर बसली होती, ओल्या केसांनी.

"बाबा येतोय?"

"निघालाय."

लिफ्ट उघडली की ती मान वर करायची. माणसं बाहेर पडून निघून जायची, की पुन्हा खाली. मारुतीराव तिच्या शेजारी बसून होते. सुधन्वा अजून आला नव्हता.