चिंगीला न बसलेला पट्टा

मित्रांनो, मी एक जुना, खिळ्यांचा पट्टा आहे. तुमच्या गावी बिबळ्या येत नसेल, तर माझ्यासारखा पट्टा तुम्ही पाहिला नसेल. आमच्या उमरठच्या डोंगरात मात्र तो गळ्यात असल्याशिवाय कुत्र्याला कुणी पडवीत ठेवत नसे. बिबळ्या कुत्र्याचा गळाच धरतो. तोंडात खिळे घुसले, की मग सोडतो.

हैबती लोहाराने माझे खिळे ठोकले आणि म्हाताऱ्या गोमाजीने मला खंड्याच्या गळ्यात बांधले. खंड्या चांगला दांडगा कुत्रा होता. एकदा बिबळ्याने त्याला धरले आणि रक्ताळलेले तोंड घेऊन तोच पळाला. वाडीतले लोक माझ्या खिळ्यांवरून बोट फिरवायला येत. मला केवढा तोरा चढला होता! पुढे खंड्या म्हातारपणाने गेला आणि मी खुंटीवर गंजत पडलो.

गोमाजीचा मुलगा मोरू मुंबईला एका साहेबाच्या बंगल्यावर कामाला होता. त्याने निरोप धाडला, की साहेबाची मडम विलायतेला गेली, तिच्या कुत्रीचे पिल्लू शिमग्याला घेऊन येतो. झाले, घरात लगबग सुरू झाली. मोरूची मुलगी आवडी हिने दुधासाठी मोठी करवंटी घासून ठेवली. तिची आई ठमाबाई हिने जुन्या लुगड्याचे अंथरूण पडवीत घातले. गोमाजीने साखळी शोधली आणि मला तेल चोळले. माझे दिवस पालटले, असे मला वाटले.

मोरू आला आणि त्याने कोटाच्या खिशातून पिल्लू काढले. ओंजळीत मावेल एवढी ती कुत्री, पाय काटक्यांसारखे.

"मडम हिच्या आईला मांडीवर घेऊन बसायची," मोरू म्हणाला.

"आता पिल्लू हाय," गोमाजी म्हणाला. "नाचणीची पेज खाल्ली की पावसापातूर वाढंल. तवर पट्ट्याला आनखी एक भोक पाडू."

न वाढणारे कुत्रे आमच्या डोंगरात कुणी पाहिलेच नव्हते. मोरू मुंबईला परत गेला. आवडीने कुत्रीचे नाव चिंगी ठेवले.

चिंगी वाढली नाही. पाऊस आला, गेला, भात कापून झाले, तरी ती तेवढीच. दूध पिताना ती करवंटीत पडे. मी तिच्या मानेवरून घसरे आणि माझ्या वजनाने तिचे नाक जमिनीला टेके. कूस बदलली की माझेच खिळे तिच्या गालाला टोचत. जिला राखायचे, तिलाच मी छळत होतो. वरच्या रानात बिबळ्याचा आवाज आला, की माझा जीव थाऱ्यावर राहत नसे.

"मामंजी, हिला घरात घेऊ या," ठमाबाई म्हणे. "ही काय राखण करनार?"

"कुत्रं उंबऱ्याच्या आत घेत नायत," गोमाजी म्हणे. "वाढंल."

एका तिन्हीसांजेला सगळे गोठ्यात असताना बिबळ्या अंगणात उतरला. साखळीला बांधलेल्या चिंगीने जीव खाऊन अंग मागे ओढले, मी तिच्या कानांवरून निसटलो आणि ती केळींच्या बुडातून न्हाणीचे पाणी जाणाऱ्या अरुंद मोरीत शिरली. बिबळ्याने मोरीत पंजा घातला, पण तो आत जाईना. गोठ्यातून कंदील येताना दिसला, तसा तो निघून गेला.

घरच्यांना सापडला तो रिकामा पट्टा आणि अंगणातले पंजांचे ठसे. आवडीने अंथरुणाची घडी केली आणि करवंटी पालथी घातली. अरे, ती मोरीत आहे, भिऊन आत अडकली आहे, असे मला ओरडायचे होते. पण पट्ट्याला तोंड कुठले!

सकाळ झाली. गोमाजी अंघोळीला बसला. त्याने कढत पाण्याचा तांब्या उचलला. ते पाणी जाणार होते मोरीत. मित्रांनो, त्या वेळी मला जे झाले ते कुणाला होऊ नये.

तेवढ्यात आवडी मला घेऊन तरातरा आली. "आज्या, तू म्हनत व्हतास वाढंल! ह्यो पट्टा मला नजरंसमोर नको," म्हणून तिने मला भिरकावले. मी मोरीच्या दगडावर खणकन आपटलो. माझा आवाज चिंगीला चांगला ठाऊक होता. आतून ती बारीक कुंईकुंई करू लागली.

गोमाजीचा तांब्या हातातच राहिला. तांब्या बाजूला ठेवून म्हातारा ओल्या दगडांवर पालथा पडला आणि त्याने खांद्यापर्यंत हात मोरीत घातला. चिखलाचा एक गोळा बाहेर आला. तो थरथरत होता.

गोमाजीने आपल्या मुंडाशाने तिला पुसले. मग उंबरा ओलांडून त्यानेच तिला चुलीपाशी ठेवले. "ही एवढीच ऱ्हानार गो, आवडे," तो म्हणाला. "मी खंड्याचीच तयारी करत बसलो."

मी परत खुंटीवर गेलो, तो आजवर. मित्रांनो, घरी नवा जीव आणाल तेव्हा भांडे, अंथरूण, सगळे जमवा. पण त्याआधी त्याला एकदा ओंजळीत घेऊन पाहा. आणि माझ्याकडे हात जाऊ लागला, तर मला खुंटीवरच राहू द्या.