खिशातला वॉशर

मुलीने बोलावलं म्हणून गेलो, नाहीतर माझं जहाजाशी काही देणंघेणं नाही. माझं आयुष्य गाड्यांखाली गेलं.

गॅरेजात सगळे तिला दहा-अकरा म्हणायचे. सहा वर्षांची होती तेव्हापासून मी गाडीखालून हात बाहेर काढला की ती न विचारता दहा-अकराचा पाना हातात ठेवायची. दहातल्या आठ वेळा तोच हवा असायचा. पुढे तिने गॅरेज सांभाळावं असं माझ्या मनात होतं. ती नौदलात गेली. वर्षभर मी तिच्याशी धड बोललो नाही, आणि गल्लीत मात्र माझी पोरगी विमानं दुरुस्त करते म्हणून छाती फुगवून सांगत सुटलो.

वर्षातून एक दिवस घरच्या माणसांना विमानवाहू नौकेवर नेतात. शिडीपाशी एक शिपाई ट्रे घेऊन उभा होता. "सुटं जे काही असेल ते इथे काढा. पेन, नाणी, किल्ल्या, सगळं."

मी खिसा उलटा केला. दोन नट, एक स्प्रिंग, एक वाकडी पिन आणि तीन वॉशर. मागची बाई हसली. शिपायाने ते सगळं एका पिशवीत घातलं, पिशवीला क्रमांक लावला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चाकू घेऊन आलोय. जमिनीवर पडलेलं काही दिसलं की उचलून खिशात टाकायची माझी चाळीस वर्षांची सवय. घरी पत्र्याचा एक डबा आहे, त्यात हे सगळं जातं. अडीअडचणीला उपयोगी पडतं.

डेक केवढा असतो ते लोक मैदानांच्या हिशोबात सांगतात. मला तो रिकाम्या बस डेपोसारखा वाटला, फक्त कडेला भिंत नव्हती. आम्हाला एका बाजूला उभं केलं. मग साठ-सत्तर जण खांद्याला खांदा लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत, माना खाली घालून सावकाश चालत गेले. मधूनच कोणी वाकायचं, काहीतरी उचलायचं, कमरेच्या पिशवीत टाकायचं. त्यांत माझी पोरगी होती.

ती आमच्याकडे आली तेव्हा मी विचारलं, "हे रोज?"

"रोज. उड्डाणाच्या आधी. बारीकसा खडा जरी इंजिनात ओढला गेला तरी इंजिन कामातून गेलं."

"आणि विमानं कधी दुरुस्त करतेस?"

"अजून नाही, बाबा. दोन वर्षं हेच चाललंय. आज संध्याकाळी आमचे चीफ माझ्या प्रशिक्षणाच्या वहीवर सही करणार आहेत. मग इंजिनाला हात लावता येईल." ती हसत होती. "म्हणून तर तुम्हाला आजच बोलावलं."

दोन वर्षं केर काढतेय, हे माझ्या डोक्यात बसलं. तोंडाने मी "बरं बरं" म्हणालो. गल्लीत काय सांगायचं, याचा विचार करत मी तिच्या मागे खाली उतरलो.

डेकच्या पोटात हँगर आहे. तिथे चार विमानं पंख दुमडून उभी होती. एक तरुण अधिकारी काहीबाही सांगत होता, लोक माना वर करून ऐकत होते. मी खाली बघत होतो. कोणत्याही कारखान्यात गेलो की मी आधी फरशी बघतो, फरशीवरून मालक कळतो. ही फरशी चकचकीत होती. आणि तिच्यावर, माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर, एक वॉशर पडला होता. माझा हात आपोआप खाली गेला आणि आपोआप खिशात गेला. मी पुढे चालू लागलो.

जेवताना मी तिला चिडवलं. "दोन वर्षांत काय काय गोळा केलंस? भंगाराचं दुकान काढता येईल?"

"ठेवत नाही आम्ही." ती गंभीरपणे म्हणाली. "प्रत्येक वस्तू नोंदवतात. कुठे सापडली, किती वाजता, जवळ कोणतं विमान होतं. जे सापडतं ते कशातून तरी सुटलेलं असतं ना. ते कशातून, हे कळल्याशिवाय काही उडत नाही."

तीन वाजता उड्डाण होतं, ते बघायला तर सगळे आले होते. खिशाला हात लावला. वॉशर होता.

खरं सांगतो, पाच मिनिटं मी गप्प बसलो. तिची सही संध्याकाळी होती. बोललो तर सही गेली, आणि न बोललो तर वर कोणीतरी विमानात बसणार. मी तिसरा मार्ग काढला. तिला कोपऱ्यात नेऊन वॉशर दाखवला आणि म्हणालो, "सवयीने उचलला गं. कोणी बघितलं नाहीये. समुद्रात टाकून देऊ?"

तिचा चेहरा पांढरा पडला. "कुठे होता?"

"खाली. हँगरमध्ये."

"नक्की कुठे, बाबा?"

मला सांगता येईना. खांबापाशी होता, पण खांब सगळीकडे होते. तिने वॉशर माझ्या तळहातावरून घेतला आणि ताडताड चालत सरळ चीफकडे गेली. मी मागे.

चीफ म्हणजे पांढऱ्या मिशांचा, हळू बोलणारा माणूस. त्यानेही तेच विचारलं. मला खाली नेलं आणि दाखवा म्हणाला. मी एक जागा दाखवली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. तो कंटाळला नाही. शेवटी म्हणाला, "म्हणजे चारही तपासायला हवीत." आणि चारही विमानं थांबली. वर भोंग्यावरून उड्डाण रद्द झाल्याचं सांगितलं. पोराबाळांना घेऊन आलेल्या लोकांनी जी कुरकुर केली ती मी खाली मान घालून ऐकली.

साडेचारला वॉशरचं घर सापडलं. तो विमानाचा नव्हताच. विमानावर चढायच्या चाकांच्या जिन्याचा होता, मागच्या चाकाचा. जिना तिथेच खांबाला टेकून उभा होता. जागेवर ठेवला असता तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

"चूक माझी आहे," मी चीफला म्हणालो. "तिचा काय संबंध?"

"तुम्ही तिचे पाहुणे," तो म्हणाला. "सही पुढच्या खेपेला. सहा महिन्यांनी."

"हो, सर," ती म्हणाली. बस, एवढंच.

शिडीपर्यंत ती माझ्याबरोबर आली. मी विचारलं, "रागावलीस?"

"रागावले. उचलला म्हणून नाही, ती तुमची सवयच आहे. समुद्रात टाकू म्हणालात ना, त्याचा राग आलाय."

मला लाज वाटली. तिच्या वयाच्या पोरीसमोर मला कधी लाज वाटली नव्हती, आणि माझ्याच पोरीसमोर वाटली. शिपायाने माझी पिशवी परत दिली. तिने पिशवीतून दिसणारे नट बघितले, माझ्याकडे बघितलं आणि वर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज उघडलं आणि पिशवी डब्यात रिकामी करायला गेलो. ती बाजूला ठेवली. मग डबाच फरशीवर ओतला. चाळीस वर्षांचे नट, बोल्ट, वॉशर, पिना. अडीअडचणीला उपयोगी पडतं म्हणून जपलेले. यातला प्रत्येक कशातून तरी सुटला होता, आणि कशातून ते मला माहीत नव्हतं.

एक सोडून. तो बोल्ट मी लगेच ओळखला, जरा लांब आहे आणि डोक्यावर छिन्नीची खूण आहे. पंधरा वर्षांपूर्वी एक निळी गाडी दुरुस्त करून दिली होती. नवराबायको आणि दोन मुलं, लांबच्या प्रवासाला निघाले होते. गाडी गेल्यावर तासाभराने ती उभी होती तिथे फरशीवर तो बोल्ट दिसला. मी कोपऱ्यापर्यंत धावलो, परत आलो, बोल्ट डब्यात टाकला. ते गिऱ्हाईक पुन्हा कधी आलं नाही. गाडी उत्तम चालली असेल म्हणून आलं नसेल, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

मी तिला फोन लावला. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"कुठे सापडला होता?" तिने विचारलं.

"पुढच्या डाव्या चाकाखाली," मी म्हणालो. हे मला नक्की आठवत होतं.